लेखन शिकवावयाचे कोणी?

कापडाच्या ताक्यात दोष निघाला म्हणजे भिवंडीच्या बाजारात कोणता संवाद होतो, हे त्या गावी राहणारास सांगावयास नको. व्यापारी मागवाल्यास बोल लावतो. मागवाला कारागिराकडे बोट दाखवितो. कारागीर म्हणतो, बीमलाच खळ नीट बसली नव्हती. साइझिंगवाला म्हणतो, सूतच कच्चे आले होते. आणि सूत जेथून आले ती गिरणी दूर कोठेतरी असल्यामुळे तिची साक्ष काढावयास कोणी जात नाही. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडाबहुत सत्यांश असतो. परंतु ताका एकच असतो व तो सर्वांच्या हातांखालून गेलेला असतो, एवढे मात्र कोणी बोलत नाही. अखेर पैसे कापले जातात ते ज्याच्या बोलण्यास सर्वांत कमी वजन, त्याचे.

आमच्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयी जी चर्चा चालते ती हुबेहूब याच नमुन्याची आहे. अर्थशास्त्राचा अध्यापक उत्तरपत्रिका तपासताना कपाळावर हात मारून म्हणतो की, या मुलांना चार वाक्ये सरळ लिहिता येत नाहीत. भाषेचे लोक करितात तरी काय? भाषेचे लोक कनिष्ठ महाविद्यालयाकडे बोट दाखवितात, कनिष्ठ महाविद्यालय माध्यमिक शाळेकडे, माध्यमिक शाळा प्राथमिक शाळेकडे, आणि प्राथमिक शाळा घराकडे. घर बापडे निरुत्तर असते. कारण त्या घरातील आईबापांवर चार ओळी लिहिण्याचा प्रसंगच पुष्कळदा आलेला नसतो. गुण मात्र कापले जातात ते विद्यार्थ्याचे.

प्रस्तुत लेखात आम्हांस एवढेच सिद्ध करावयाचे आहे की, लेखन ही कोणा एका विभागाची जहागीर नव्हे, आणि कोणा एका विभागाच्या गळ्यात बांधावयाची धोंडही नव्हे. महाविद्यालयात ज्या कोणावर लेखन शिकविण्याचे काम सोपविलेले असते, त्याला इतर विषयांच्या अध्यापकांचे सहकार्य मिळाल्यावाचून ते काम होणे नाही. आणि सहकार्य म्हणजे काय, याविषयी आमच्या शिक्षणसंस्थांत जो घोटाळा माजला आहे तो निवळल्यावाचून ते सहकार्यही मिळणे नाही.

प्रथम आजची व्यवस्था कशी आहे ते पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या एप्रिलात पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट ठरविली, तीत तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी ८ श्रेयांक भाषा व संवादकौशल्य यांकडे, 'क्षमता संवर्धन' या नावाखाली, दिलेले आहेत. म्हणजे उरलेले ११२ श्रेयांक ज्या विषयांस मिळाले, त्यांत विद्यार्थी लिहितो, लिहूनच परीक्षा देतो, लिहूनच प्रकल्प सादर करितो. परंतु लिहावे कसे हे शिकविण्याची जबाबदारी त्या आठांवर. शिवाय विद्यापीठांतील अभ्यासमंडळे विषयवार असतात. मराठीचे मंडळ मराठीचा विचार करिते, इंग्रजीचे इंग्रजीचा, वाणिज्याचे वाणिज्याचा. या सर्वांत विद्यार्थी जे एकच काम अहोरात्र करीत असतो, त्याचा विचार करणारे मंडळ कोणतेच नाही.

भिवंडीसारख्या गावी या व्यवस्थेचे व्यंग अधिक उघडे पडते. येथे एकाच बाकावर बसलेल्या चौघांपैकी एकाचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले असते, दुसऱ्याचे उर्दूतून, तिसऱ्याचे हिंदीतून. आणि चौथ्याच्या घरी तेलुगू बोलतात, कारण त्याचा आजा मागाच्या पाठीमागे तेलंगणातून आलेला असतो. कित्येक मुले सकाळी वर्गात व रात्री मागावर किंवा गोदामात असतात. अशा वर्गास इंग्रजीचा अध्यापक पत्रलेखनाचा नमुना देतो, मराठीचा सारांशलेखनाचा, उर्दूचा निबंधाचा. आणि हे तिघे एकाच खोलीत चहा घेत असूनही आपण एकाच मुलाला काय काय सांगत आहो, याची विचारपूस एकमेकांपाशी करीत नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो. ती दुसऱ्या कोणाची नसून आमचीच आहे, व तीत आमचा मोठेपणा काहीच नाही. आम्ही ज्या महाविद्यालयात भाषा शिकवीत होतो तेथे तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी यंत्रमागाच्या धंद्याचा विषय घेतला होता. तिचे वीस पानांचे बाड आमच्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्याने आमच्या हाती दिले आणि म्हटले, "जरा शुद्धलेखन पाहून द्या." आम्ही तांबडी शाई घेऊन बसलो. ह्रस्वाचे दीर्घ केले, दीर्घाचे ह्रस्व केले, विरामचिन्हे घातली, आणि आपले कर्तव्य पार पडले अशा समाधानाने ते बाड परत केले. त्यात धंद्याचे महत्त्व, धंद्याच्या समस्या व शासनाने करावयाचे उपाय असे सर्व काही यथासांग होते. ते कोठल्याही गावी, कोठल्याही वर्षी, कोणाही मुलीने लिहिलेले असू शकले असते. हे आमच्या लक्षात आले, पण आम्ही ते बोललो नाही. आम्हांस शुद्धलेखन तेवढे विचारले होते.

तोंडी परीक्षेच्या वेळी आम्ही सहज तेथे बसलो होतो. सहकाऱ्याने तिला तिच्या वडिलांचा व्यवसाय विचारला. ते मागावरचे कारागीर होते. मग ती बोलू लागली. मजुरी मीटरवर मिळते; वीज गेली की माग थांबतो व मजुरीही थांबते; सूत कच्चे असले की धागा वारंवार तुटतो, म्हणजे सूत स्वस्त घेतले मालकाने आणि मीटर कमी भरले कारागिराचे; मंदी आली की मालक पाळी कमी करितो व घरी आईच्या कांडी भरण्याच्या पैशांवर महिना निघतो. गेली चार वर्षे घरच्या मिळकतीची वही तीच ठेवीत होती; कोणत्या आठवड्यात किती मीटर व किती पैसे, हे तीत लिहिलेले होते. आम्ही दोघेही थक्क झालो. ही वही प्रकल्पात का नाही, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "ते घरचं आहे सर, पुस्तकातलं नाही. अर्थशास्त्राच्या सरांनी सांगितलं, आधार पाहिजे. तुम्ही सांगितलं, शुद्ध पाहिजे. पुस्तकातलं उतरवून काढलं की दोन्ही होतं."

या उत्तरास आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या मुलीने चोरी केली असे म्हणणे सोपे होते. परंतु तिने जे केले ते आम्हां दोघांच्या दोन आज्ञा एकाच वेळी पाळण्याचा सर्वांत सरळ मार्ग होता. आम्ही दोघे आधी एकदा जरी एका टेबलाशी बसलो असतो, तर 'आधार' या शब्दात तिची वही बसते हे एकाने सांगितले असते, आणि 'शुद्ध' याचा अर्थ 'दुसऱ्याचे' असा नव्हे हे दुसऱ्याने. आम्ही बसलो नाही. चार वर्षांच्या एका प्रामाणिक नोंदवहीला त्यामुळे विद्येच्या दारात प्रवेश मिळाला नाही. लेखनातील असहकाराचा तोटा कोणाला व किती, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

यावरून सहकार्य म्हणजे काय नव्हे, हे प्रथम ध्यानात येईल. आपण मळविलेले कपडे परटाकडे टाकावे तसे विद्यार्थ्यांचे कागद भाषाविभागाकडे टाकणे म्हणजे सहकार्य नव्हे. त्याला फार तर सेवा घेणे म्हणावे. सहकार्याचा आरंभ कागद लिहून झाल्यावर होत नसतो. प्रश्न काढतानाच तो व्हावा लागतो. पुढील वर्षी आम्ही व आमच्या त्या सहकाऱ्याने चार शनिवार यासाठी दिले. पहिले पान विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर लिहावे. दुसऱ्यात पुस्तक त्याविषयी काय म्हणते ते मांडावे. तिसऱ्यात दोहोंचा मेळ वा विरोध दाखवावा. आणि या तिन्ही पानांवर आम्ही दोघांनी एकत्र बसून शेरा द्यावा, असे ठरविले. या कामी एक मौज झाली. सहकारी ज्याला 'वाईट भाषा' म्हणत असे ती बहुतेक ठिकाणी वाईट भाषा नसून अर्धवट राहिलेला विचार होता, हे त्याला दिसले. आणि त्याच्या विषयात पुरावा कशाला म्हणतात हे आपल्याला ठाऊकच नव्हते, हे आम्हांस दिसले. सर्व विद्यार्थ्यांचे लेखन सुधारले, असे आम्ही म्हणत नाही; कित्येकांनी त्याही वर्षी उतरवूनच काढले. परंतु ज्यांनी लिहिले त्यांनी स्वतःचे लिहिले.

या आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात ते आम्ही अनेकदा ऐकले आहेत. पहिला आक्षेप असा की, अभ्यासक्रम पुरा करावयाचा की लेखन शिकवीत बसावयाचे? जणू लेखन ही अभ्यासक्रमाबाहेरची एखादी करमणूक आहे! वाणिज्याच्या विद्यार्थ्यास लेखापरीक्षकाचा अहवाल लिहिता येत नसेल, विज्ञानाच्या विद्यार्थ्यास आपण केलेला प्रयोग दुसऱ्यास करून पाहता येईल असा नोंदविता येत नसेल, तर अभ्यासक्रम पुरा झाला तो कोणाचा? अध्यापकाचा झाला असेल. विद्यार्थ्याचा खास झालेला नाही.

दुसरा आक्षेप नम्रतेचा वेष घेऊन येतो. "आम्ही भाषेचे तज्ज्ञ नव्हे, ते आमचे काम नव्हे." या नम्रतेस महाराष्ट्राच्या इतिहासात आधार नाही. १८३२ च्या जानेवारीत 'दर्पण' काढून मराठी वृत्तपत्रांचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवीत असत. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि पहिल्या काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून देशी भाषांची उचलबांगडी झाली. त्यांना पुन्हा आत घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे झगडले ते न्यायमूर्ती रानडे इतिहास व अर्थशास्त्र यांचे व्यासंगी होते, त्या काळी भाषेचे पगारी अध्यापक नव्हते. 'युगान्त' या ग्रंथास १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले त्याच्या कर्त्या इरावती कर्वे मानवशास्त्राच्या संशोधक होत्या. या सर्वांनी 'भाषा आमचे काम नव्हे' असे म्हटले असते, तर मराठीचे काय झाले असते याचा विचार आक्षेपकांनी करावा. त्यांनी व्याकरण शिकवावे अशी मागणी कोणी करीत नाही. आपल्या विषयात चांगले विधान कोणते, पुरावा कोणता, निष्कर्ष कोठे थांबवावा, एवढे त्यांनी विद्यार्थ्यास लेखी करून दाखवावे. ते त्यांच्यावाचून दुसरा कोणी दाखवू शकत नाही.

भाषा जाणणारा व विषय जाणणारा एका बैठकीवर बसले म्हणजे काय घडते, याची उदाहरणे आमच्याकडे थोडीथोडकी नाहीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला तो एका साहेबाच्या विद्वत्तेने नव्हे; कँडी बंधू व अनेक मराठी पंडित त्यासाठी खपले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस जे विश्वकोशाचे काम चालले व ज्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला, त्यात नोंद लिहिणारा विषयाचा जाणकार असे आणि तिच्यावर भाषेचा संस्कार करणारे संपादकही असत. पदार्थविज्ञानावरील नोंद मराठीत सुबोध झाली ती दोघांनी एकमेकांचे ऐकल्यामुळे. जे वाईस साधले ते महाविद्यालयाच्या अध्यापककक्षात का साधू नये?

परदेशांतील अनुभवही असाच आहे. अमेरिकेत हार्वर्ड येथे १८८५ साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तेव्हापासून तेथेही 'लेखन त्या वर्गात शिकवून झाले' अशी इतर अध्यापकांची सोयीस्कर समजूत झाली. ती समजूत मोडण्यासाठी १९७० च्या सुमारास आयोवा राज्यातील एका लहानशा महाविद्यालयात बार्बरा वॉलवुर्ड या अध्यापिकेने निरनिराळ्या विषयांच्या सहकाऱ्यांस एकत्र बसवून लेखनाचा विचार सुरू केला. इंग्लंडात १९७५ साली बुलक समितीने, भाषा ही प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची जबाबदारी आहे व प्रत्येक शाळेने त्याविषयी आपले धोरण ठरवावे, असे स्पष्ट सांगितले. आमच्याच देशात हरयाणातील अशोका विद्यापीठात लेखनासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तितका पैसा आमच्या गावच्या संस्थांपाशी नाही, हे आम्ही जाणतो; परंतु आम्ही जे मागतो त्यास एक टेबल, तीन खुर्च्या आणि वेळापत्रकातील एक तास यांहून अधिक लागत नाही.

तिसरा आक्षेप अगदी ताजा आहे. आता यंत्रेच लिहून देतात. मग लेखन शिकवावयाचे कशास? आम्ही म्हणतो, यंत्राने आमच्या जुन्या पापावर नेमके बोट ठेवले आहे. कोणत्याही गावी, कोणत्याही मुलीने लिहावे असे जे लेखन आम्ही इतकी वर्षे मागत आलो, ते यंत्र क्षणार्धात देते. आणि पूर्वी ते झेरॉक्सच्या दुकानी मिळत असे, इतकाच फरक. त्या मुलीची नोंदवही मात्र यंत्रापाशी नाही. प्रबंधांतील उतारेगिरी पकडण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केले. साम्य शेकडा दहापर्यंत असल्यास दंड नाही, पुढे मात्र पायरीपायरीने आहे. चोर पकडण्याची व्यवस्था झाली हे ठीकच. पण घामाने मिळवावे कसे, हे शिकविण्याची व्यवस्था त्या नियमांनी होत नाही.

येथवर इतरांस बोल लावला. आता आमच्या भाषेच्या बांधवांस दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, नाहीतर आम्हीही ताक्यावरून बोट दुसरीकडे दाखविणाऱ्यांतलेच ठरू. सहकार्य मिळत नाही याला आपणही कारण आहो. लेखन म्हणजे शुद्धलेखन, असे समीकरण आपणच जगास शिकविले. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम पाळावेतच. परंतु अठराही नियम पाळून अगदी पोकळ पान लिहिता येते, हे आपण विद्यार्थ्यास सांगितले नाही, आणि सहकाऱ्यांस तर नाहीच. शिवाय वाणिज्याचा अहवाल व विज्ञानाची टिपणे यांना आपण लेखनच मानीत नाही. साहित्य तेवढे लेखन, बाकीचे खर्डेघाशीत जमा! ज्याच्या लेखनास आपण तुच्छ मानतो तो आपल्याशी सहकार्य कशास करील? मराठीस २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पण त्या भाषेत हिशेबाचा अहवाल व रोगाचे निदान सरळ लिहिता यावे, ही चिंता पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी वाहिली? लेखनाची जबाबदारी ज्याच्यावर असेल त्याने सहकाऱ्याच्या दारी तपासनीस म्हणून जाऊ नये. आधी शिष्य म्हणून जावे, आणि तुमच्या विषयात चांगले लिहिणे कशास म्हणतात ते मला शिकवा, असे म्हणावे. आमचा अनुभव असा की, या प्रश्नाने जितकी दारे उघडतात तितकी प्राचार्यांच्या परिपत्रकाने उघडत नाहीत.

तथापि केवळ सद्भावावर असली कामे टिकत नाहीत, आणि येथे चालकांचा संबंध येतो. एक साधा हिशेब करून पाहावा. वर्गात १२० विद्यार्थी आहेत व प्रत्येकाच्या तीन पानांस दहा मिनिटे दिली, तर एका लेखनास २० तास लागतात. अध्यापकाच्या कार्यभारात हे तास कोठे मोजले जातात? वर्गावरचा तास मोजतात. दोघांनी एकत्र बसून विद्यार्थ्याचे पान वाचले, तो तास कोणाच्याच खाती पडत नाही. त्यातून हे आठ श्रेयांकांचे वर्ग पुष्कळ ठिकाणी तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापकाच्या माथी येतात. जो पुढील वर्षी येथे असेल की नाही हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही, त्याने विभागप्रमुखांशी सहकार्याचे दीर्घ संबंध जोडावेत, ही अपेक्षा करणे म्हणजे भाडेकरूने विहीर खणावी असे म्हणण्यासारखे आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. लेखनाचे काम कायम अध्यापकाकडे असावे व संयुक्त तपासणीचा तास कार्यभारात धरला जावा. प्रत्येक विभागाने वर्षातून निदान एक लेखन भाषेच्या अध्यापकाबरोबर बसून ठरवावे, आणि त्यावर दोघांचाही शेरा पडावा. मराठी, उर्दू, हिंदी व इंग्रजी शिकविणारांनी वर्षारंभी एकदा एकत्र बसून, आपण त्याच मुलास काय सांगणार आहो ते एकमेकांस सांगावे. आणि ज्या भाषेत विद्यार्थी विचार करितो त्या भाषेत पहिला खर्डा लिहिण्याची मोकळीक त्याला द्यावी. यांपैकी एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही. ज्या संस्थेस हे जड वाटते तिने विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयी रडणे तरी थांबवावे.

ती मुलगी पदवीधर झाली. तिच्या प्रकल्पास बरे गुण मिळाले. आमच्या तांबड्या शाईचाही त्यास हातभार लागला असेल. भिवंडीच्या कारागिराच्या चार वर्षांच्या मिळकतीचा हिशेब त्याच घरातील एका शिकलेल्या मुलीच्या हातचा होता, आणि तो ज्ञान म्हणून कोणाच्याही उपयोगी पडला नाही. त्या ताक्यातील हा दोष कोणाचा, असे कोणी विचारलेच, तर आम्ही साइझिंगवाल्याकडे बोट दाखविणार नाही.